मुक्काम पोस्ट मुंबई: रूम बुक करण्याआधी हे वाचाच!

माहीत आहे का, मुंबईतलं सगळ्यात फेमस हॉटेल हे त्याच्या समोरच्या सगळ्यात फेमस 'पॉइंट'पेक्षा वयाने मोठं आहे? ताजमहाल पॅलेस सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ला. गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ला. म्हणजे जवळपास २१ वर्षं ताजच्या खिडकीतून नुसता समुद्र दिसत होता. सी-व्ह्यू आधी, गेटवे-व्ह्यू नंतर!

बरं, ज्या पंचम जॉर्जच्या स्वागताची आठवण म्हणून गेटवे उभारला, त्या राजाने १९११मध्ये इथे काय पाहिलं असेल? पुठ्ठ्याची प्रतिकृती! खरी कमान त्याच्या नशिबातच नव्हती. आणि २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीत चढली. बांधली स्वागताला, कामी आली निरोपाला. माझ्या मते भारतातल्या कुठल्याही वास्तूला याहून झकास क्लायमॅक्स मिळालेला नाही.

ताजचे किस्से तर संपतच नाहीत. मूळ आराखडा करणाऱ्यांत आपले सीताराम खंडेराव वैद्य होते, हे किती जणांना माहीत आहे? पहिल्या महायुद्धात या आलिशान हॉटेलचं ६०० खाटांचं हॉस्पिटल झालं. २०१७मध्ये या इमारतीच्या रूपाचा चक्क ट्रेडमार्क नोंदवला गेला. असा ट्रेडमार्क मिळवणारी ही देशातली पहिली इमारत. सेल्फी बिनधास्त काढा, पण तो घुमट स्वतःच्या प्रॉडक्टवर छापायचा विचार असेल तर आधी परवानगी!

आणि पाहुणे? १९६६मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला. खोटं नाव, नवी कोरी मिशी, फुल्ल वेशांतर. तरी हॉटेलच्या लिफ्टवाल्या पोराने ओळखलंच. मग काय, खाली फॅन्सची ही गर्दी! सतारीचा रियाझ गेला काश्मीरला.

ताजचं बिल झेपत नाही? नो टेन्शन! त्याच्याच मागच्या गल्लीत साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड गेस्ट हाऊस आहे, जगभरच्या बॅकपॅकर्सचा लाडका अड्डा. माहीत आहे का, हिंदी सिनेमात पार्टीच्या सीनमध्ये मागे नाचणारे गोरे चेहरे अनेकदा कुलाब्याच्या याच गल्ल्यांतून उचललेले असायचे. रात्री डॉर्ममध्ये, दिवसा सेटवर!

त्याहून भन्नाट हवंय? मुंबई सेंट्रल स्टेशनवर नोव्हेंबर २०२१मध्ये भारतीय रेल्वेचं पहिलं पॉड हॉटेल सुरू झालं. ४८ पॉड, प्रत्येकात एसी, वायफाय, चार्जिंग. ट्रेनमधून उतरा, सुटकेससकट थेट कॅप्सूलमध्ये शिरा. पहाटेची गाडी पकडणाऱ्यांनी तर डोळे मिटून निवडावं असं हे ठिकाण.

आता एक असं हॉटेल, जिथे मुक्काम करता येत नाही, पण सलाम करायलाच हवा. काळा घोडा चौकाजवळचं वॉटसन्स, आजचं एस्प्लनेड मॅन्शन. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने इथे आणला आणि १८६०च्या दशकात जोडून उभा केला. मार्क ट्वेन १८९६मध्ये इथे उतरला आणि बाल्कनीसमोरच्या कावळ्यांवर त्याने भरभरून लिहिलं. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंचे चित्रपट याच हॉटेलात दाखवले गेले, तिकीट एक रुपया. भारतातला पहिला फर्स्ट डे फर्स्ट शो! इतकी मोठी गोष्ट जिथे घडली, ती वास्तू आज मोडकळीला आलेली बघून जीव तुटतो. ती वाचायलाच हवी.

भाड्याचा विषय निघालाच आहे, तर माहीत आहे का, अख्खी मुंबई एकेकाळी वर्षाला फक्त १० पौंड भाड्याने गेली होती? १६६८मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. त्याला तरी कुठे विकत घ्यावी लागली होती? पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरलं, हुंड्यात मुंबई आली!

घारापुरीला जाताय? लाँच सुटते मुंबईतून, पण उतरता तुम्ही रायगड जिल्ह्यात! तिथली तीन तोंडांची शिवमूर्ती बघून बोलती बंद होते. पण ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं, तो हत्ती कुठाय? भायखळ्याच्या राणीच्या बागेत! १८६४मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला, आणि स्वारी मुंबईतच राहिली. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२मध्ये सुरू झालेलं, शहरातलं सर्वांत जुनं.

थांबा, अजून एक जनावर बाकी आहे. काळा घोडा! सातव्या एडवर्डचा तो मूळ अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये चौकातून हलवला. गेला कुठे? बरोब्बर, राणीच्या बागेत. चौकात आज दिसतो तो २०१७चा नवा घोडा, पाठीवर कुणीही स्वार नसलेला. मला तर हाच जास्त आवडतो. राणीच्या बागेत पेंग्विनच्या रांगेत उभं राहण्याआधी या दोन निवृत्त प्राण्यांना भेटाच.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा. एका बाजूला उंच गॉथिक मनोरे, दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोच्या गोलसर बाल्कन्या. दोन शतकं, एकच मान, फक्त वळवायची! २०१८मध्ये युनेस्कोने दोन्ही बाजूंना एकत्रच जागतिक वारसा म्हणून मान दिला. आणि त्या मनोऱ्यांतला राजाबाई टॉवर? त्याचे वास्तुशिल्पकार गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत कधी पाऊलही टाकलं नाही. टोटल वर्क फ्रॉम होम!

बाणगंगा बघितलीत? मलबार हिलच्या पायथ्याशी, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तलावातला झरा मात्र गोड्या पाण्याचा. ना मीठ, ना मिरची!

हाजी अलीला जाताना भरतीची वेळ बघा. पाणी चढलं की दर्ग्याकडे जाणारी वाट थेट समुद्राखाली.

जंगल हवं तर बोरिवली स्टेशनला उतरा. महानगराच्या पोटात राष्ट्रीय उद्यान, त्यात बिबटे, आणि वर कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी. दोन हजार वर्षांपूर्वी कातळात पाण्याची टाकी खोदून पाऊस साठवणाऱ्या त्या भिक्खूंचं वॉटर मॅनेजमेंट बघाच. मात्र सोमवारी नको! कान्हेरी आणि घारापुरी, दोन्ही सोमवारी बंद.

आणि हिवाळ्यात येत असाल तर ऐरोली. ठाणे खाडीत हजारो फ्लेमिंगो उतरतात, वन विभागाची बोट तुम्हाला त्यांच्या जवळपास नेते, आणि तीही भरतीच्या वेळेनुसारच सुटते. तेव्हा तिकीट आधी, टाइमटेबल भरतीचं, आणि दुर्बीण विसरू नका!