नोकरीवाल्या पोराला पुन्हा पहिलीत कशाला बसवायचं? नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना पुस्तक, कोर्स असा निवडा

जालना : भोकरदन, मंठा, घनसावंगीकडची बरीच पोरं-पोरी आज पुण्यात हिंजवडी, खराडीच्या कंपन्यांत कोड लिहितात. पाच-सात वर्षं जावात काम झालेलं असतं आणि एक दिवस साहेब सांगतो, पुढचा प्रोजेक्ट गोमध्ये, नाही तर पायथनमध्ये. लवकर जमलं तर ठीक, नाही तर प्रोजेक्टमधून नाव कमी. इकडे शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालूच असतो. मग घाईघाईत हजारो रुपयांचा कोर्स घेतला जातो आणि त्यात पहिले कितीतरी तास 'प्रोग्रॅम म्हणजे काय' हेच चालतं.

वीस वर्षं कपाशी केलेला शेतकरी तुती लावून रेशीमकडे वळला, तर त्याला माती-पाणी-खत शिकवावं लागत नाही. अळीला पाला किती वेळा टाकायचा, शेडमध्ये गारवा कसा ठेवायचा, कोष कधी काढायचे, एवढंच त्याला हवं असतं. कोडचंही तसंच. व्हेरिएबल, लूप, फंक्शन सगळ्या भाषांत असतात. वेगळं काय आहे, तेच शिकायचं.

गो ही भाषा गूगलने 2009 साली खुली केली. तिच्यात जावासारखे क्लास नाहीत. चूक झाली तर ती सहसा एक्सेप्शन म्हणून वर फेकली जात नाही. फंक्शन उत्तरासोबतच चूक परत देतं आणि ती जागच्या जागी तपासावी लागते. जावावाला नेमका इथंच अडखळतो. कोटलिनला गूगलने 2017 मध्ये अँड्रॉइडसाठी मान्यता दिली. तिच्यात एखादी किंमत रिकामी असू शकते का, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. रस्टमध्ये मेमरीची मालकी कोणाची, हा सगळा खेळ. म्हणून पुस्तक हाती आलं की आधी अनुक्रमणिका बघावी. हे मुद्दे शेवटच्या प्रकरणात कोंबलेले असतील आणि पहिली तीन प्रकरणं व्हेरिएबलवरच असतील, तर ते नवशिक्यांचं पुस्तक. वाईट नाही, पण आपल्या पोरासाठी नाही.

दुसरी तपासणी वयाची. पायथन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला बंद झाली. पायथनच्या पुस्तकात प्रिंटपुढे कंस नसेल तर ते जुन्या पायथनचं, सरळ बाजूला ठेवावं. सेकंडहँड पुस्तकं घेताना हा घोटाळा सहज होतो.

चांगलं साहित्य बहुतेक वेळा फुकटच असतं, कारण भाषा बनवणारेच ते लिहितात. 'अ टूर ऑफ गो' ब्राउझरमध्येच चालतं. वाचायचं, तिथंच कोड बदलून चालवून बघायचं, मध्येमध्ये सरावाची गणितंही आहेत. रस्टचं अधिकृत पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे आणि वाचकाने आधी दुसऱ्या कुठल्या तरी भाषेत कोड लिहिलेला आहे, असं ते धरूनच चालतं. अनुभवी माणसाला हवं ते हेच. सरावाला 'एक्सरसिझम' आहे, तिथंही पैसे लागत नाहीत.

मराठीतून काही आहे का, असं घरचे विचारतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात छोटे छोटे व्हिडिओ आहेत, त्यातले बरेच मराठीत. पण ते शून्यापासून शिकवतात. बारावीतल्या धाकट्या भावाला उत्तम, मोठ्याला मात्र संथ वाटतील. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट ऐकता येतात, परीक्षा द्यायची तर फी लागते. तिथं कोर्सच्या पानावर आधी काय येत असावं लागतं ते दिलेलं असतं. 'काहीच नको' असं असेल, तर तो कोर्सही नवशिक्यांचा समजावा.

नुसतं वाचून मात्र भाषा येत नाही. स्वतःचा एखादा जुना, चालू असलेला प्रोग्रॅम घ्यावा आणि नव्या भाषेत पुन्हा लिहावा. नोंदी ठेवणारा, हिशेब करणारा, कसाही चालेल. काय करायचं हे माहीत असतं, त्यामुळे डोकं फक्त भाषेवर लागतं. मग ती भाषा रोज वापरणाऱ्या सहकाऱ्याला तो दाखवावा. पायथन लिहिलंय पण वास जावाचा येतोय, हे तोच सांगू शकतो.

सणासुदीला गावी येऊन काम करणाऱ्यांनी एक करावं. पायथनची पूर्ण अधिकृत माहिती डाउनलोड करून ठेवता येते. लाईट गेली, टॉवर बंद पडला तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर अभ्यास चालू राहतो.