चिकांदा : एका पदार्थाची किंमत

वनसंहार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुऱ्हाड आणि कोसळणारे वृक्ष येतात. परंतु माळावरच्या लहानशा रोपाचाही समूळ उच्छेद होऊ शकतो, आणि त्याला एक साधी कुदळ पुरते. आफ्रिकेतील झांबिया व टांझानिया या देशांतील भूआमरींची कथा हेच सांगते.

उत्तर झांबियातील बेंबा लोकांचा ‘चिकांदा’ हा आवडता पदार्थ. डिसा, सॅटिरियम, हबेनारिया या प्रजातींतील आमरींचे कंद वाळवून कुटावयाचे, त्यात शेंगदाण्याचे कूट, मिरची व सोडा घालून घट्ट शिजवावयाचे आणि काप करावयाचे, अशी त्याची कृती. खेड्यातला हा पदार्थ शहरे वाढली तसा लुसाकाच्या बाजारात आला. मागणी वाढली आणि झांबियातील ओलसर गवताळ माळ रिते होऊ लागले. तेव्हा व्यापाऱ्यांनी सीमेपलीकडे, दक्षिण टांझानियाच्या डोंगराळ मुलुखाकडे मोर्चा वळविला.

तेथे सुमारे २,६०० मीटर उंचीवर किटुलोचे पठार आहे. पावसाळ्यात ते फुलांनी असे बहरते की स्थानिक लोक त्याला ‘देवाची बाग’ म्हणतात. एकट्या आमरींच्याच ४० हून अधिक जाती येथे आढळतात. कंद ही या रोपाची पुढील वर्षाची शिदोरी. ती काढून घेतली की रोप संपले. बी विपुल पडते खरे, पण धुळीसारख्या त्या कणांत अन्नसाठा नसतो. मातीतील योग्य बुरशीची साथ लाभली तरच ते रुजते.

२००५ मध्ये किटुलो राष्ट्रीय उद्यान झाले. आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रणही आहे. तथापि उद्यानाची सीमा आखल्याने बाजारातील मागणी आटत नाही. ती फक्त पुढच्या माळाकडे सरकते. शिवाय कंद खणणारे हात बहुधा गरिबांचे असतात. त्यांना केवळ दंडाचा धाक दाखविणे न्याय्य नव्हे आणि पुरेसेही नव्हे. या आमरींची लागवड साधणे आणि तिचा लाभ त्याच हातांना मिळणे, हाच टिकाऊ मार्ग होय.

हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. आपल्याकडे शक्तिवर्धक म्हणून विकली जाणारी सालममिश्री हाही आमरीचाच कंद, आणि हबेनारियाची भावंडे सह्याद्रीच्या सड्यांवरही फुलतात. जे दिसते त्या फुलाचे कौतुक आपण करतोच. जो दिसत नाही त्या कंदाची राखण कोण करणार, हा खरा सवाल आहे.