पुरुमेंत : पावसाळ्याची बेगमी

मे महिन्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ‘पुरुमेंता’च्या मालाने गजबजून जातो. ‘प्रोव्हिमेंतु’ या पोर्तुगीज शब्दावरून आलेल्या या नावाचा अर्थ बेगमी. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. यास्तव सुके बांगडे, सुंगटे, मिरच्या, चिंच व आमसुले घरोघर साठविली जातात. आमसुलांकरिता पिकलेल्या रातांब्यांच्या साली त्यांच्याच मिठाळ रसात पुनःपुन्हा भिजवून कित्येक दिवस वाळवाव्या लागतात. मध्येच वळवाची सर कोसळली, तर त्यांना बुरशी येते आणि विक्रेतीची वर्षाची कमाई बुडते. विद्यार्थिमित्रांनो, तिच्याशी घासाघीस करण्यापूर्वी तिचे हे कष्ट व ही जोखीम अवश्य ध्यानी घ्या.