आपला कॅट आपण बांधावयाचा

पत्त्यांचें नांव काढतांच घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात, आणि तें अगदींच अकारण नाहीं; पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस २०२५ सालीं संसदेनें कायद्यानें बंदी केली. परंतु 'स्ले द स्पायर' ह्या व्हिडिओ गेममध्यें पैज मुळींच नाहीं. त्यांतील सोनें खेळापुरतेंच. जिंकणें-हरणें बव्हंशीं हिशेबाचें.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत दहा रंगांचीं, प्रत्येकाचीं बारा, अशीं १२० गोल पानें असतात. तीं एकदां वांटलीं कीं कोणतें पान पडून गेलें हें ध्यानांत ठेवणें हेंच मोठें कौशल्य. ह्या नव्या प्रकारांत मात्र कॅट खेळतां खेळतां स्वतःच बांधावयाचा असतो. ही कल्पना २००८ च्या 'डोमिनियन' ह्या मेजावरील खेळानें लोकप्रिय केली. 'स्ले द स्पायर' २०१९ सालीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला.

त्यांतील आयर्नक्लॅड ह्या योद्ध्यास आरंभीं दहा पानें मिळतात: पांच प्रहाराचीं, चार बचावाचीं व एक 'बॅश'. दर पाळीस पांच पानें हातीं येतात आणि खर्चावयास शक्तीचे तीन अंश. लढाई जिंकल्यावर तीन नवीं पानें समोर येतात. त्यांतील एक घेतां येतें. नवशिका येथेंच फसतो. फुकट मिळतें तें सोडावें कां, असें त्यास वाटतें! आतां हिशेब पाहा. दहा पानांच्या कॅटांत प्रत्येक पान दर दोन पाळ्यांत एकदां हातीं येतें. वीस झालीं कीं चार पाळ्यांत, तीस झालीं कीं सहांत. शत्रु तोंवर थांबत नाहीं. खाचरांत रोपें दाट लाविलीं तर फुटवे कमी येतात, हें आमच्या मुळशीकडील शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. म्हणून नको तें पान नाकारावें. दुकानदारास सोनें देऊन जुनें पान काढूनही टाकतां येतें: पहिल्या वेळीं ७५ नाणीं, पुढें दर वेळीं २५ अधिक. माझ्या मतें साधे प्रहार आधीं काढावेत. तथापि आरंभींच हात आखडूं नये. मूळचीं पानें दुबळीं असतात, आणि एक-दोन जोरकस हल्ले न घेतल्यास पहिल्या मोठ्या शत्रूपाशींच खेळ आटोपतो.

पान एकटें कसें आहे हा प्रश्न अपुरा आहे. 'इन्फ्लेम' हें पान बळ दोनानें वाढवितें. त्यामुळें साध्या प्रहाराची इजा सहाची आठ होते. पण 'ट्विन स्ट्राइक' पांचाचे दोन घाव घालितें, म्हणून त्याचे दहाचे चौदा होतात.

शत्रूचा बेत त्याच्या डोक्यावर चिन्हानें दिसतो. तो बारा इजा करणार असेल व आपण पांचाचे दोन बचाव खेळलों, तर दोनच अंगावर येते आणि शक्तीचा एक अंश उरतो. त्यांत तिसरा बचाव खेळून तीं दोन वांचवावीं, कीं प्रहार करून सहा इजा करावी, हें शत्रूचें उरलेलें आयुष्य पाहून ठरवावें.