वेगाची किंमत

अहिल्यानगरच्या एमआयडीसीत सीजी पॉवरचा (पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्हज) मोटरींचा कारखाना आहे. उद्योगात सर्वत्र चालणाऱ्या इंडक्शन मोटरीला एक मर्यादा असते: आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे थेट विजेवर ती मिनिटाला 3000 फेऱ्यांपुढे जात नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या छोट्या पंख्याला मात्र हवा खेचायला 20,000च्या आसपास फेऱ्या लागतात. म्हणून त्यात मिक्सरसारखी युनिव्हर्सल मोटर बसवतात. तिचा वेग विजेच्या आवर्तनांशी बांधलेला नसतो. पण तिचे कार्बन ब्रश घासून झिजतात. ब्रशलेस मोटरीत ते नसतातच. एसीचे डीसी करून इलेक्ट्रॉनिक सर्किट वेग ठरवते. झिजलेले ब्रश गल्लीतला कारागीरही बदलतो. सर्किट जळले, तर बहुधा अख्खा बोर्डच बदलावा लागतो.