फुल-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

1970ची रेंज रोव्हर, 1977ची सोव्हिएत लाडा निवा आणि 2009मध्ये भारतात आलेली पहिली फॉर्च्युनर, या तिन्ही गाड्यांत इंजिनाची ताकद कायम चारही चाकांकडे जाते. सेकंड-हँड बाजारातून अशी गाडी घेणारे तिला थारसारखीच समजतात आणि तिथेच नुकसान सुरू होतं.

गैरसमज: सगळ्या फोर-व्हील ड्राइव्ह सारख्याच.
वस्तुस्थिती: वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. थारमध्ये 4H (फोर-व्हील ड्राइव्ह) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा फरक जिरत नाही. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, गिअरवर ताण येतो. फुल-टाइम गाडीत सेंटर डिफ्रन्शियल असतं. ते दोन्ही शाफ्टना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं, म्हणून ती हायवेवरही निर्धास्त चालते.

गैरसमज: अशी गाडी कुठेच अडकत नाही.
वस्तुस्थिती: साधं डिफ्रन्शियल सगळी गती सर्वांत मोकळ्या चाकाला देऊन टाकतं. एक चाक हवेत लटकलं की तेच गरगरतं, बाकीची तीन ढिम्म! त्यासाठी निवामध्ये सेंटर डिफ्रन्शियल लॉक करायचा वेगळा लिव्हर आहे. चिखलात, वाळूत शिरण्याआधी लॉक टाकायचा आणि पक्का रस्ता लागताच काढायचा.

गैरसमज: ब्रेकही जास्त चांगला लागतो.
वस्तुस्थिती: ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. पावसाळी घाटात गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर.

गैरसमज: झिजलेले दोनच टायर बदलले तरी चालतं.
वस्तुस्थिती: नवा टायर झिजलेल्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे सरळ रस्त्यावरही सेंटर डिफ्रन्शियल किंवा कपलिंग सतत राबत राहतं आणि तापतं. सुबारू तर चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे ठेवा, ठरावीक अंतराने त्यांची अदलाबदल करा आणि हवा गाडीवर दिलेल्या आकड्याप्रमाणेच भरा.

गैरसमज: गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की काम झालं.
वस्तुस्थिती: ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारा डबा), पुढचं डिफ्रन्शियल आणि मागचं डिफ्रन्शियल यांचं ऑइल वेगळं असतं. गाडी खोल पाण्यातून काढली असेल तर तिन्ही तपासून घ्या. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, ते लगेच बदला. शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस पॉइंट असतील तर सर्व्हिसिंगला ग्रीस मारायला सांगा.

गैरसमज: बंद पडली की पुढून उचलून टोचन लावायचं.
वस्तुस्थिती: दोन चाकं उचललेली आणि दोन फिरती राहिली की सेंटर डिफ्रन्शियल बिघडू शकतं. गाडी फ्लॅटबेडवरच चढवा.

अशी गाडी विकत घेताना आधी चारही टायर पाहा, मग तिन्ही ठिकाणचं ऑइल, आणि लॉक पडतो-निघतो का हे मोकळ्या मातीवर चालवून बघा. त्यानंतरच पैसे द्या.