हातउसने दिलेले पैसे आणि तीन वर्षांची मुदत

बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली, की साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांतून माणसे पाळीला जाऊ लागतात. कोणी गव्हाणीवर, कोणी वजनकाट्यावर, कोणी गोदामात. आठ-आठ तास शेजारी उभी राहिलेली, एकमेकांच्या डब्यातली भाकरी खाल्लेली ही माणसे. अशात पाळी सुटताना एकजण हळूच म्हणतो, "आबा, पोरीच्या फीची अडचण हाय. पंचवीस हजाराचं बघा की. दिवाळीच्या बोनसला मिटवून टाकतो."

आबा देतात. सोबतच्या माणसाकडून लिहून काय घ्यायचे, असे त्यांना वाटते. दिवाळी जाते, संक्रांत जाते. "पुढच्या पगाराला नक्की", "ऊसबिल आलं की लगेच" असे वायदे होत राहतात. मग तो माणूस पाळी बदलून घेतो, फाटकातून लवकर निघून जातो, आणि पैसे देणाऱ्यालाच विचारायची चोरी होऊन बसते.

घरात त्याची झळ वेगळीच असते. ते पंचवीस हजार बहुधा एकट्या आबांचे नसतातच. दुधाच्या बिलातून घरधनिणीने मोटारीच्या दुरुस्तीला म्हणून बाजूला ठेवलेले असतात. मोटार जळते तेव्हा पैसे दुसऱ्याच्या घरी असतात, आणि सोसायटीचे दार आपण वाजवतो. म्हणून हा विषय घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावा असा आहे.

पहिली गोष्ट मुदतीची. हातउसने दिलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावायचा तर तो तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. १९६३ च्या मुदत कायद्याने हे ठरवले आहे. परत द्यायची तारीख लिहून ठरलेली नसेल तर ही तीन वर्षे पैसे दिल्याच्या दिवसापासूनच धरावीत. १० नोव्हेंबर २०२४ ला दिले असतील, तर १० नोव्हेंबर २०२७ च्या आत दावा दाखल झाला पाहिजे. मधल्या काळात त्याने पन्नास वेळा तोंडी "देतो" म्हटले, त्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. मनातल्या मनात मोजदाद सुरू असते ती शेवटच्या वायद्यापासूनची, आणि कायदा मोजतो पहिल्या दिवसापासून. पुष्कळांचे पैसे या फरकात बुडतात.

ही मुदत नव्याने सुरू करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे घेणाऱ्याच्या सहीचे लिखाण. तीन वर्षे संपण्याआधी त्याने "मी अमुक रक्कम देणे लागतो" असे लिहून तारीख घालून सही केली, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. थोडी परतफेड केली तरी तसेच. पण तिथेही परतफेड केल्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने हवी. त्याने चहाच्या टपरीवर दोन हजाराच्या नोटा हातात ठेवल्या आणि आपण त्या खिशात घातल्या, तर दोन हजार मिळाले खरे, मुदत मात्र जुनीच राहिली.

तेव्हा तो दोन हजार द्यायला येईल तो क्षण वाया घालवू नये. त्याला बसवावे, पाणी द्यावे, वही पुढे करावी. "दादा, माझ्याच्यानं हिशेब ध्यानात राहत नाही. तुमच्या हातानं एवढं लिहा." मजकूर साधा असावा: पंचवीस हजार अमुक तारखेला हातउसने घेतले, पैकी दोन हजार आज दिले, तेवीस हजार देणे बाकी. खाली तारीख, सही. भांडण होण्याआधी माणूस हे लिहून देतो. भांडण झाल्यावर देत नाही. तगादा आधी आणि लिखाण मागाहून, असा क्रम बहुतेक घरी असतो. तो उलटा केला पाहिजे.

नव्याने पैसे देताना वचनचिठ्ठी घेणे अधिक बरे. तिच्यावर महसुली तिकीट लावून त्यावर आडवी सही लागते. तिकिटाशिवायची वचनचिठ्ठी कोर्ट पुराव्यात घेत नाही, आणि मागाहून दंड भरूनही ती उणीव भरून निघत नाही. रोकडीपेक्षा बँकेतून किंवा फोनवरून पाठवलेले पैसे केव्हाही चांगले. पण त्यानेही पैसे गेले एवढेच सिद्ध होते, ते उसने होते हे नव्हे. "जुनं देणं फेडलं माझं त्यांनी" असे समोरचा म्हणू शकतो. म्हणून पाठवताना शेऱ्याच्या जागी 'हातउसने' हा शब्द घालावा. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोकड उसनी घ्यायला तर आयकर कायद्याची मनाईच आहे. दोघांचे उत्पन्न शेतीचे आणि करपात्र उत्पन्न कोणालाच नाही, अशांना सूट आहे. पगाराची भर पडून दोघांपैकी एकाचे जरी उत्पन्न करपात्र झाले, तर ती सूट धरून चालू नये.

आता वसुलीचे. कामावरच्या माणसाकडून येणे असले की हमखास सुचते ते हे, की साहेबांना सांगून पगारातून कापून घ्यावे. तसे होत नाही. पगारदारांच्या पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातो, कारण सभासदाने तसे लिहून दिलेले असते आणि १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचा त्याला आधार आहे. खाजगी उसनवारीला तो आधार नाही. उलट एक ध्यानात घ्यावे, सोबती आपल्याकडे येतो तो बहुधा पतसंस्थेत त्याची मर्यादा संपलेली असते म्हणूनच. पगारातून हप्ते जाऊन हातात थोडे उरते. त्याच्या मनात खोट असेलच असे नाही; पण पगाराच्या दिवशी मागून उपयोग नाही. बोनस, बिगरहंगामातला भत्ता, किंवा त्याचा स्वतःचा ऊस गेला असेल तर त्याचे बिल, हे दिवस हेरून चार हप्ते बांधून घ्यावेत आणि तेही लिहून.

पोलीस ठाण्यात गेल्यास "हे दिवाणी प्रकरण आहे" असेच ऐकायला मिळते, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असते. घेतानाच फसवण्याचा बेत होता असे दाखवता आले तरच फौजदारी होते. त्याची मोटारसायकल ओढून आणणे किंवा फाटकावर चारचौघांत अंगावर जाणे, याने मात्र आपल्यावरच गुन्हा नोंदला जाऊ शकतो.

त्याने धनादेश दिला आणि तो खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला, तर गोष्ट वेगळी. १ एप्रिल १९८९ पासून तो गुन्हा आहे. धनादेश तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा. परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी कोर्टात तक्रार करावी. यातली एक तारीख हुकली की काम अवघड होते, म्हणून परतीचा मेमो हाती येताच वकील गाठावा.

धनादेश नसेल तरी लेखी नोटीस द्यावीच. पूर्वी ती रजिस्टर पोस्टाने जाई. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकले आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. अर्धी माणसे नोटिशीनंतर बोलायला येतात, असे जुने वकील सांगतात.

बोलायला आला तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. दावा लावण्याआधीही तिथे प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. कोर्ट फी लागत नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते. तिच्यावर अपील नाही. दुसऱ्या बाजूने येण्याची तयारी मात्र हवी, जबरदस्ती नाही. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना विधी सेवेचा मोफत वकील उत्पन्न न पाहता मिळतो. घरधनिणीच्या खात्यातून पैसे गेले असतील तर अर्ज तिच्याच नावाने करावा.

राहिला दावा. तो जिंकला तरी पैसे आपोआप घरी येत नाहीत. हुकूमनाम्याच्या वसुलीला बारा वर्षे मिळतात. पण शेतकऱ्याची बैलजोडी, अवजारे, बियाण्याचे धान्य आणि राहते घर जप्त करता येत नाही. मजुराची मजुरी तर मुळीच नाही. पगारातून पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सोडून बाकीच जप्तीत येते. आपल्यासारख्याच शेतकऱ्याला हे संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. त्यामुळे दावा लावण्याआधी समोरच्याकडे बँकेतली ठेव, ट्रॅक्टर, प्लॉट असे वसुलीजोगे काय आहे ते पाहून घ्यावे. काहीच नसेल तर पाच वर्षे तारखा करण्यापेक्षा लोकअदालतीत महिना हजाराचा हप्ता ठरवून घेतलेला परवडतो.